पुडी बाहेर ठेवून येऊ नका

माझ्या दवाखान्याच्या पायऱ्यांशेजारी हातभर उंचीचा एक कठडा आहे. वर्षानुवर्षे मी त्याच्याजवळून ये-जा करीत होतो, पण त्याच्याकडे कधी लक्ष गेले नव्हते. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका दुपारी वीज गेली, म्हणून मी वाऱ्याला बाहेर येऊन उभा राहिलो आणि पाहतो तो कठड्यावर ओळीने सामान मांडलेले! तंबाखूच्या तीन पुड्या, चुन्याच्या दोन डब्या, एक बिडीबंडल आणि रुमालात बांधलेली मशेरीची डबी. कंपाउंडरला विचारले, "हे काय?" तो हसला. म्हणाला, "साहेब, हे रोजचंच आहे. तुम्ही रागावता म्हणून पेशंट आत येताना इथं ठेवतात आणि जाताना उचलून नेतात."

वाचकहो, त्या क्षणी मला हसूही आले आणि शरमही वाटली. 'तंबाखूच्या बाबतीत डॉक्टर फार कडक' असा गावात माझा लौकिक होता आणि मला त्याचा अभिमान होता. खिशात पुडी दिसली की मी ती काढून कचऱ्याच्या डब्यात टाकीत असे. "पुन्हा दिसली तर औषध देणार नाही," असे चारचौघांत सुनावीत असे. रोगी मान खाली घालून "सोडली, साहेब" म्हणत. मला वाटे, काम झाले. प्रत्यक्षात तंबाखू सुटली नव्हती, ती फक्त कठड्यापर्यंत गेली होती.

या कडकपणाची किंमत कुणी मोजली, ते आज सांगायचे आहे.

एक गवंडी

आमच्या भागातला एक गवंडी. हाताने गुणी, बोलायला गोड. दिवसभर गालात तंबाखूचा बार. एकदा तो "तिखट खाल्लं की तोंड भाजतं" म्हणून आला. मी तोंड पाहिले. आतली कातडी पांढुरकी आणि ताठर झाली होती. मी त्याला भरपूर बोललो. दोन मुली आहेत, लाज वाटत नाही का, असेही म्हणालो. त्याने हात जोडून "आजपासून बंद" म्हटले आणि तो गेला. पुन्हा तो आला चार वर्षांनी. तोंडात एक बोट जेमतेम जात होते आणि गालात चिघळलेली गाठ होती. मुंबईला टाटा रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तो दीड वर्ष जगला.

शस्त्रक्रियेनंतर मी त्याच्या घरी गेलो होतो. मी विचारले, "मधल्या काळात एकदा तरी का नाही आलास?" त्याला बोलायला त्रास होत होता. तरी तो म्हणाला, "सोडायचा लई प्रयत्न केला, साहेब. चार-चार दिवस सोडली. पण पुन्हा धरली. मग कोणत्या तोंडानं येणार? तुम्ही रागावला असता."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. त्याने चार-चार दिवस सोडली होती, म्हणजे त्याची इच्छा होती. नव्हती ती मदत. ती देणे माझे काम होते आणि मी त्याला फक्त लाज दिली.

पाहुणचारापासून पापापर्यंत

तंबाखूकडे पाहण्याची आपल्या समाजाची नजर माझ्या डोळ्यांदेखत बदलली. माझ्या लहानपणी पाहुणा ओसरीवर टेकला की पाण्याच्या तांब्यापाठोपाठ चंची पुढे सरकवली जाई. घरातल्या बायका मशेरी भाजीत आणि ती दातांना चांगली असे मानले जाई. एस. टी.त, सिनेमागृहात, कचेरीत बिडी-सिगारेटचा धूर असे. मी शिकत असताना रुग्णालयाच्या व्हरांड्यात सिगारेट ओढणारे डॉक्टरही मी पाहिले आहेत. कुणाला त्यात वावगे वाटत नसे.

पुढे चित्र पालटले. २००३ साली केंद्राचा तंबाखू नियंत्रण कायदा झाला. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला देशभर बंदी आली. २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. २०१६ पासून पाकिटांवर ८५ टक्के जागेत धोक्याची चित्रे आली. याचा उपयोग झाला. २००९-१० च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ३१.४ टक्के प्रौढ माणसे तंबाखूचे सेवन करीत होती. २०१६-१७ च्या पाहणीत ते प्रमाण २६.६ टक्के झाले. यात बिडी-सिगारेट ओढणारे केवळ ३.८ टक्के आणि तंबाखू खाणारे, लावणारे २४.४ टक्के होते. म्हणजे आपले मुख्य दुखणे धुराचे नाही, गालातल्या बाराचे आणि दातांवरच्या मशेरीचे आहे.

पण या चांगल्या बदलाबरोबर एक वाईट गोष्टही झाली. पूर्वी जो पाहुणचार होता, ते आता पाप झाले. तंबाखू खाणारा माणूस म्हणजे मनाचा कच्चा, बेफिकीर, असे आपण ठरवून टाकले. तंबाखूचा तिरस्कार करता करता आपण माणसाचा तिरस्कार करू लागलो. आणि ज्याचा तिरस्कार होतो, तो लपवतो. जो लपवतो, त्याच्यापर्यंत उपचार पोहोचत नाहीत.

बांधणारा एक, मारणारे दुसरेच

तंबाखू सुटत का नाही? कारण तिच्यात निकोटीन नावाचे द्रव्य असते. बिडीचा झुरका घेतल्यावर ते काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. गालातल्या तंबाखूतून ते जरा सावकाश जाते, म्हणून तर आपण चुना लावतो. चुन्यामुळे निकोटीन तोंडाच्या कातडीतून लवकर शोषले जाते. मेंदूला त्याची सवय लागते. रक्तातले निकोटीन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते आणि मग मेंदू पुन्हा मागणी करतो. ते मिळाले नाही की चिडचिड, बेचैनी, डोके जड होणे, कामात लक्ष न लागणे, झोप बिघडणे असा त्रास सुरू होतो. सकाळी उठल्याबरोबर हात पुडीकडे जातो तो याच कारणाने. अमेरिकेच्या सर्जन जनरलने १९८८ च्या अहवालात हे व्यसन निकोटीनचे आहे, असे स्पष्टपणे मांडले. हा शरीराचा आजार आहे, चारित्र्याचा दोष नव्हे.

आता महत्त्वाचा मुद्दा. माणसाला बांधून ठेवते ते निकोटीन, पण त्याचा जीव घेतात ती मुख्यतः दुसरी द्रव्ये. बिडी-सिगारेटच्या धुरात हजारो रसायने असतात आणि त्यांतली निदान सत्तर कर्करोगाला कारण होतात. शिवाय डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. खाण्याच्या तंबाखूत ती वाळवताना, मुरवताना नायट्रोसमाइन नावाची कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. मायकेल रसेल या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९७६ सालीच हे सांगितले होते. माणूस ओढतो निकोटीनसाठी आणि मरतो धुरातल्या डांबराने, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ.

याचा अर्थ निकोटीन निर्धोक आहे असा नव्हे. त्याने नाडी आणि रक्तदाब वाढतो. गर्भाला आणि वाढत्या वयाच्या मुलांना ते घातक आहे. ज्याला तंबाखूची सवय नाही, त्याने निकोटीनच्या वाटेला कोणत्याही रूपात जाऊ नये. पण जो आधीच बांधला गेला आहे, त्याला तंबाखूशिवाय थोडे निकोटीन देऊन हळूहळू सोडवता येते.

पाणबुडीतली गोष्ट

ही युक्ती कशी सुचली, ती कथा मजेदार आहे. १९६० नंतरच्या दशकात स्वीडनमधल्या लुंड येथील दोन संशोधकांच्या लक्षात आले की पाणबुडीतल्या नौसैनिकांना आत सिगारेट ओढता येत नाही, तेव्हा ते तोंडात ठेवायच्या तंबाखूवर वेळ मारून नेतात. म्हणजे धूर नसला तरी निकोटीन मिळाले की भागते. १९६७ साली त्यांनी हा विचार ओव्ह फर्नो या औषधशास्त्रज्ञाला कळवला. त्यातून निकोटीनचे च्युइंगगम तयार झाले आणि १९७८ साली ते प्रथम स्वित्झर्लंडमध्ये विक्रीला आले. पुढे त्वचेवर लावायची पट्टी आली. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने या उपचाराला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही २०२२ साली तो आला.

नुसत्या मनोनिग्रहावर सोडणाऱ्या शंभरांपैकी चार-पाच जणच वर्षभर टिकतात. गम किंवा पट्टीने ही शक्यता सुमारे दीडपट होते. पट्टी आणि गम जोडीने वापरले तर आणखी वाढते. समजावून सांगणारे, पाठपुरावा करणारे कुणी असेल तर उत्तमच. मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की हा पुरावा बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या बाबतीत भक्कम आहे. तंबाखू खाणाऱ्यांच्या बाबतीत तो तितका भक्कम नाही. तिथे पुन्हा पुन्हा बोलणे आणि धीर देणे याला अधिक मोल आहे.

"एक गेलं, दुसरं आलं!"

आमच्या ओळखीचे एक मामा साखर कारखान्यावर रात्रपाळीचे वॉचमन होते. दिवसाला दोन बंडले बिड्या आणि छातीत कायमची घरघर. कठड्याचा प्रसंग झाल्यानंतर मी पहिल्यांदा ज्यांना न रागावता विचारले, ते हे मामा. "सोडावीशी वाटते का?" एवढेच विचारले. मामा म्हणाले, "वाटतं हो. पण रात्री दोन वाजता गेटावर मी एकटा असतो, डॉक्टर. तेव्हा बिडीच सोबतीला असते."

आम्ही दिवस ठरवला. सकाळी एक पट्टी आणि रात्री तलफ आली की गम. पंधरा दिवसांनी मामी तणतणत आल्या. "अहो डॉक्टर, बिडी गेली आणि आता हे गोळ्या चघळत बसतात! एक व्यसन गेलं, दुसरं आलं!" मी म्हटले, "मामी, पाय मोडल्यावर मामांनी काठी घेतली असती, तर तुम्ही काठीचं व्यसन लागलं म्हणाला असता का? हाड जुळलं की काठी कोपऱ्यात जाते."

मामा सरळ सुटले नाहीत. एकदा भावकीतल्या लग्नात आणि एकदा धाकट्या भावाच्या मयताला त्यांनी पुन्हा बिडी ओढली. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात आले आणि आपणहून सांगितले. गवंडी आला नाही, मामा आले. फरक माणसांत नव्हता, माझ्यात होता. आज मामांची बिडी सुटून तीन वर्षे झाली. गमही चार महिन्यांत सुटला.

गम वापरायची रीत

गम साध्या च्युइंगगमसारखा भराभर चावायचा नसतो. हळूहळू चावावा आणि तोंडात मिरमिर सुरू झाली की गालात ठेवून द्यावा, अगदी तंबाखूचा बार ठेवतात तसा. मिरमिर थांबली की पुन्हा चावावा, मग दुसऱ्या बाजूला ठेवावा. असे अर्धा तास चालते. त्याआधी पंधरा मिनिटे आणि तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत घेऊ नये. नाहीतर निकोटीन शोषले जात नाही. लाळ भराभर गिळली तर उचकी लागते, मळमळते. झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला बिडी लागते, त्याला ४ मिलिग्रॅमचा आणि इतरांना २ मिलिग्रॅमचा गम पुरतो. सुरुवातीला एक-दोन तासांनी एक, मग कमी करीत सुमारे तीन महिन्यांत बंद, असा सर्वसाधारण क्रम. ज्यांचे दात हलतात, कवळी आहे किंवा तोंड नीट उघडत नाही, त्यांना पट्टी बरी. गरोदर स्त्रिया, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आणि मुले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही घेऊ नये. इतरांनीही एकदा विचारूनच सुरुवात करावी.

कमी नुकसान म्हणजे काय नव्हे

'नुकसान कमी करणे' या शब्दांचा काही मंडळी सोयीचा अर्थ काढतात. म्हणून चार गोष्टी स्पष्ट सांगतो.

१) बिडी सोडून गुटखा किंवा मावा धरणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. स्वीडनमधल्या पुरुषांत सिगारेट कमी आणि 'स्नूस' ही तोंडात ठेवायची तंबाखू जास्त. तिथे पुरुषांतला फुप्फुसाचा कर्करोग युरोपातल्या इतर देशांपेक्षा कमी आहे, हे खरे. पण स्नूस उष्णतेची प्रक्रिया करून बनवतात आणि तिच्यात नायट्रोसमाइन कमी राखतात. आपल्या तंबाखूत, गुटख्यात तसे काही नसते. ते उदाहरण इथे लागू पडत नाही.

२) "मी नुसती सुपारी खातो," हे समाधान खोटे आहे. तंबाखूशिवायही सुपारी कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली जाहीर केले. तोंड आखडण्याचा आजार मुख्यतः सुपारीनेच होतो.

३) "दहाच्या दोन केल्या" म्हणून थांबू नका. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासानुसार, वीस सिगारेटींमुळे हृदयविकाराचा धोका जितका वाढतो, त्याच्या सुमारे निम्मा तो दिवसाला एकाच सिगारेटीने वाढतो. कमी करणे ही पायरी आहे, मुक्काम नव्हे.

४) ई-सिगारेट. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांना आरोग्यसेवा तिचा आधार घेऊ देते. ओढण्याच्या सिगारेटीपेक्षा तिचा धोका बराच कमी, असे तिथल्या तज्ज्ञांचे मत आहे. मात्र कधीच सिगारेट न ओढलेली मुले तिच्या नादी लागतात, ही काळजी तिथेही आहेच. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने तिचे उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात यांवर बंदी आहे. चोरट्या मार्गाने येणाऱ्या वस्तूत काय भरले आहे, याची हमी कुणी द्यायची? आपल्यापाशी गम आणि पट्टी हा सरळ मार्ग आहे, तो वापरावा.

घरच्यांसाठी दोन शब्द

तलफ फार तर चार-पाच मिनिटे जोरात असते. तेवढा वेळ निघाला की ती ओसरते. त्या वेळी पाणी द्या, बडीशेप किंवा धनाडाळ द्या, बोलत राहा. पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण आणि पुढे तीन-चार आठवडे त्रास उतरत जातो. या दिवसांत माणूस चिडेल, भांडेल. ते अंगावर घेऊ नका. पुन्हा धरली तर "मला माहीतच होतं" असे म्हणू नका. "किती दिवस सोडली होतीस?" असे विचारा. चार दिवस म्हणाला, तर पुढच्या खेपेला आठ होतील.

मशेरी लावणाऱ्या आया-बहिणींना विशेष सांगणे. महाराष्ट्रातल्या सुमारे १७ टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात, असे २०१६-१७ च्या पाहणीत आढळले होते. मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे. गरोदरपणात ती लावली तर बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका असतो. पण बाया हे डॉक्टरांना सांगत नाहीत आणि आम्हीही विचारीत नाही. कठड्यावरची ती रुमालातली डबी कुणाची होती, हे मला अजून कळलेले नाही.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, आवाजात बदल, किंवा आपली तीन बोटे उभी तोंडात जात नसतील, तर ताबडतोब दाखवा. तंबाखू सुटलेली नसली तरी दाखवा. ही तपासणी तंबाखू सोडल्याचे बक्षीस नाही.

सरकारची मोफत दूरध्वनी सेवाही आहे. क्रमांक १८००-११-२३५६. तो लिहून ठेवायचीसुद्धा गरज नाही, २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटावरच तो छापलेला असतो. रोग ज्या पाकिटात आहे, मदतीचा क्रमांकही त्याच पाकिटावर आहे.

माझ्या दवाखान्यात आता एक नियम केला आहे. कंपाउंडर प्रत्येकाला सांगतो, "पुडी बाहेर ठेवू नका, आत घेऊन जा." रोगी बिचकत ती टेबलावर ठेवतात. मी ती फेकत नाही. दिवसाला किती लागते, पहिली कधी लागते आणि आजवर कितीदा सोडून पाहिली, एवढे तीन प्रश्न विचारतो. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकांचे डोळे खाली जातात आणि मग ते बोलू लागतात. प्रत्येकाने कधी ना कधी सोडून पाहिलेली असते.

तुम्हीही आपापल्या डॉक्टरांकडे जाल, तेव्हा पुडी बाहेर ठेवून जाऊ नका. ती टेबलावर ठेवा आणि सांगा, "सुटत नाही, मदत करा." आणि माझ्या व्यवसायबंधूंना हात जोडून विनंती. एखादा असे म्हणाला, तर आधी त्याला बसायला खुर्ची द्या.